चार कोसांचा गेम

“अर्धा तास, काका. चहा निवायच्या आत निकाल सांगतो.”

असं म्हणून मी अष्टपुत्रे काकांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो, बोटं मोडली आणि वर आणखी ऐकवलं, “एकशे अकरा गेम खेळून त्यांच्यावर लिहिलंय मी. हौशी माणसाचा गेम ओळखायला फार वेळ लागत नाही. घरातून बाहेर पडायचं, पहिल्या माणसाशी बोलायचं, पहिली मारामारी करायची. एवढ्यात सगळं कळतं.”

“वा,” काका म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून त्यांनी वहीत वेळ टिपून ठेवली.

पन्नास मिनिटांनी चहावर साय धरली होती आणि मी अजून घरातून बाहेर पडलो नव्हतो.

घर म्हणजे गेममधलं. कौलारू, एका खोलीचं, कोपऱ्यात चूल, चुलीपाशी नायकाची आई. नायकाचं नाव रणधीर. हा रणधीर उंबऱ्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. मी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबली. रणधीरने उडी मारली, मांडी घातली, एकदा चुलीत डोकावून बघितलं. पण उंबरा काही ओलांडला नाही.

“काका, दार अडकलंय.”

“नाही अडकलेलं.”

“मग हा बाहेर का जात नाही?”

“अनवाणी निघालाय तो,” काका म्हणाले.

उंबऱ्याच्या कडेला खरोखरच चपला होत्या. इतक्या बारीक काढलेल्या, की मला त्या फरशीवरचा डाग वाटल्या होत्या. घातल्या. लगेच चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, ‘निघालास का रे?’ खाली दोन उत्तरं आली: ‘जातो’ आणि ‘येतो’. मी घाईत वरचं दाबलं.

आईने हातातली फुंकणी खाली ठेवली. ‘निघताना असं बोलतात का? बस खाली. पाणी पी आणि मग नीघ.’ रणधीर बसला. पाणी प्यायला. आणि नंतर घड्याळ लावून पाच मिनिटं उठेचना.

“हे पुढे ढकलता येत नाही?”

“घरी ढकलतोस का तू?” काकांनी विचारलं.

स्वयंपाकघरातून शैलाकाकूंचा आवाज आला, “मी म्हटलं होतं ना तुम्हाला, निनाद दारातच अडकेल म्हणून! त्याची आई सांगते, घरातनंसुद्धा न सांगता जातो तो.”

काकू माझ्या आईची मैत्रीण. त्यामुळे माझी कुठलीच गोष्ट त्या घरात झाकलेली नव्हती.

मी काय करायचो ते सांगतो, म्हणजे माझा रुबाब कळेल. रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात तुम्ही कुणीतरी दुसरंच होता, गावोगाव हिंडता, लोकांची कामं करता आणि शेवटी राक्षस मारता. मोठ्या कंपन्यांचे असे गेम सगळेच खेळतात. मी खेळायचो ते हौशी लोकांचे. कुणीतरी एकटाच, नोकरी सांभाळून, पाच-सहा वर्षं खपून बनवलेले. इंटरनेटवर ‘खेळून बघितलं’ नावाचा माझा ब्लॉग होता. त्यात मी या गेमांवर प्रामाणिकपणे लिहायचो. प्रामाणिकपणे म्हणजे चेष्टेने, हे तेव्हा मला वेगळं वाटत नव्हतं. जळगावच्या एका इंजिनीअरच्या गेममध्ये घोडा जमिनीखालून पोहायचा आणि वर फक्त त्याचे कान दिसायचे. नागपूरच्या दोघा मित्रांच्या गेममध्ये राजकन्येचं लग्न, काहीतरी गफलत होऊन, एका दाराशी लागलं होतं आणि पुढचे सगळे संवाद ती त्या दाराशीच बोलायची. लोक माझं वाचून पोट धरून हसायचे. ज्यांचे गेम होते त्यांचं काय व्हायचं हे मी कधी विचारलं नाही. जळगाववाल्याने पुन्हा गेम केला नाही, एवढं कळलं होतं.

“आता मुद्द्याचं,” काका खुर्ची ओढून जवळ बसले. “रविवारी एक जण येणारेत. त्यांना दाखवायचाय. सहा वर्षं झाली, आता पुरे. त्यांनी बरोबर म्हटलं, तर बरोबर. त्यांनी मान हलवली, तर मी हे सगळं पुसून टाकणार आणि तुझ्या काकूबरोबर योगाला जाणार.”

“पुसणार? सहा वर्षांचं काम?”

“चुकीचं काम ठेवून काय करायचं? ऑफिसातसुद्धा कधी ठेवलं नाही.”

“पुण्याचे कोणी आहेत का?”

“छे, इथलेच. पण माणूस मोठा. त्यांच्यासमोर चूक नको, म्हणून तुला आधी बोलावलं. तू काय ते खरं सांग.”

मोठा माणूस म्हणजे एखाद्या गेम कंपनीचा निवृत्त साहेब, हवा चांगली म्हणून आमच्या वाईत येऊन राहिलेला, असं मी ठरवून टाकलं. आणि मनातल्या मनात रविवारचा शर्टही ठरवला.

काका स्वतः बत्तीस वर्षं मोजणी ऑफिसात. जमीन मोजणं, हद्दीचे दगड रोवणं, दोन भाऊ बांधावरून भांडत असताना मधे टेबल मांडून नकाशा काढणं. निवृत्तीनंतर वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि प्रोग्रॅमिंग शिकले. नकाशा काढणाऱ्या माणसाला गेम करावासा का वाटला, हे मी विचारलं नाही. मला निकाल द्यायची घाई होती.

पाणी पिऊन, ‘येतो’ म्हणून, मी शेवटी बाहेर पडलो. समोर शेतं. बांध, बांधांवर करवंदाच्या जाळ्या, लांबवर एक वड. चपला चप-चप वाजायच्या.

“पुढचं गाव कुठाय?”

“कांचनपूर? समोरच. पाऊण तास.”

“गेममधला पाऊण तास?”

काकांना प्रश्न कळला नाही. “पाऊण तास म्हणजे पाऊण तास.”

आणि खरोखर तेवढाच लागला. वरचं बाणाचं बटण दाबून धरायचं आणि रणधीर चालत राहायचा. वाटेत खजिना नाही, लांडगा नाही, काही नाही. एक ओढा होता. त्यात सहा दगड. चौथ्यावर पाय ठेवला की तो हलायचा आणि रणधीर पाण्यात. पुन्हा काठावर. तिसऱ्यावरून पाचव्यावर गेलं की पार. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

“हे खेळणाऱ्याला कळणार कसं?”

“एकदा पडला की कळतं,” काका म्हणाले.

कांचनपुरात दोनशे चौदा माणसं होती आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं. एक बाई अंगणात सांडगे घालत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, ‘सावली पडते रे, बाजूला हो.’ बाजूला झालो तर म्हणाली, ‘कुणाचा तू?’ मी गेममधल्या बाईला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे मी माझ्या वहीत लिहिलं नाही. वहीत लिहिलं, ‘माणसं जास्त. कामाचं कुणीच बोलत नाही.’

मग पहिली मारामारी. या राज्यावर बांधकोऱ्या नावाचा राक्षस चालून आला होता. हा माणसं खात नाही. हा दरवर्षी वीतभर बांध खातो. कुणाच्या लक्षात येत नाही आणि पंधरा वर्षांत शेताची आख्खी पट्टी गिळतो. त्याचा एक चेला वाटेत आडवा आला. मी तलवार शोधली. तलवार नव्हती. रणधीरच्या कमरेला लोखंडी साखळी होती, मोजणीची, तेहतीस फुटी. खाली तीन पर्याय आले: ‘मोज’, ‘पंच बोलव’, ‘नोटीस दे’.

मी ‘मोज’ दाबलं. चेला ओरडला, ‘हरकत आहे!’ आणि माझा वार फुकट गेला. पुन्हा मोजलं. पुन्हा ‘हरकत आहे!’ वैतागून मी ‘नोटीस दे’ दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘लगतच्या शेतकऱ्यांना पंधरा दिवसांची नोटीस दिली आहे.’ चेल्याने नमस्कार केला आणि तो निघून गेला.

“गेला कुठे?”

“येईल की.” काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. “आज बारा तारीख. सत्तावीसला सकाळी दहानंतर ये.”

मी खुर्चीतून उठलो आणि दोन मिनिटं अंगणात जाऊन आलो.

शुक्रवारी पुन्हा दिवसभर खेळलो. संध्याकाळी पाचला काकांनी वही पुढे केली आणि पेनाचं टोपण काढून दिलं, जबाब नोंदवून घेतात तसं.

“सांग.”

“स्पष्ट सांगू?”

“त्यासाठीच बोलावलंय.”

“काका, खेळवत नाही. लोक पहिल्या दहा मिनिटांत उठून जातील. ती आई काढा. पंधरा दिवस काढा. आणि मुख्य म्हणजे ते चालणं. पहिल्या घरापासून शेवटच्या देवळापर्यंत किती आहे?”

“चार कोस.”

“म्हणजे तीन तास नुसतं एक बटण दाबून बसायचं! मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये दोन मिनिटांत आख्खं राज्य ओलांडता येतं. दहा पट कमी करा. सगळं दहा पट जवळ आणा.”

काकांनी ‘दहा पट’ असं लिहिलं. त्याखाली रेघ मारली. मग विचारलं, “पण मग माणसाला वाटत नाही का, मधलं कुठे गेलं म्हणून?”

“मधलं कुणाला हवं असतं, काका?”

त्यांनी वही मिटली. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बघा बाई. तुम्ही आणि तो. मला तर ती सांडगेवाली आवडते.”

“ती राहू दे,” मी उदारपणे म्हणालो.

शनिवारी दुपारी काकांचा फोन आला. आवाज पडलेला. “निनाद, आकडा एकच बदलायचा होता. बदलला. पण वड गावच्या देवळात गेलाय.”

गेलो. अंतरं दहा पट कमी झाली होती, पण घरं, झाडं, माणसं होती तेवढीच राहिली होती. त्यामुळे वड गावच्या देवळाच्या छपरातून वर आला होता. कांचनपुरातली सगळी घरं एकमेकांत घुसली होती आणि एका म्हशीचं पुढचं अर्धं अंग पाटलाच्या माजघरात होतं. सांडगेवाली विहिरीच्या वर अधांतरी बसून ‘सावली पडते रे’ म्हणत होती. आम्ही दोघांनी मिळून एकेक वस्तू उचलून नीट लावली. निम्मी माणसं काढावी लागली. मी माऊस चालवत होतो आणि काका नावं वाचायचे. “नारू सुतार. काढ. गोदाबाई. काढ. हा... हा राहू दे. बरं, काढ.” संध्याकाळी सातपर्यंत गेम चकचकीत झाला. पंचवीस मिनिटांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी पाठ थोपटून घ्यायच्या बेतात होतो, पण काका नुसतेच पडद्याकडे बघत बसले होते.

“आता कसा वाटतो?” मी विचारलं.

“वेगवान,” ते म्हणाले.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. काकांनी टोपी घातली होती, ती मी त्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा बघत होतो. दहा वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. त्यातून एक बाई उतरली, मग तिने आणि रिक्षावाल्याने मिळून एका म्हाताऱ्याला उचलून खाली घेतलं. धोतर, खाकी शर्ट, कानात बाळी. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

“या, गेनबा,” काका पायऱ्या उतरून गेले.

मी अजून रस्त्याकडे बघत होतो. मोठा माणूस मागच्या गाडीतून येत असेल अशा समजुतीत.

गेनबा पार्टे हे काकांचे साखळीवाले. मोजणीत साखळीचं पुढचं टोक धरून चालायचं, ती ताणायची, टोकाला लोखंडी सुई जमिनीत रोवायची आणि पुढे निघायचं. सव्वीस वर्षं गेनबा पुढे आणि काका मागे, असे ते चालले. अडीच वर्षांपूर्वी साखरेने पाय गेला. तेव्हापासून लेकीकडे, मंदाताईंकडे, एका खोलीत.

“सायेब, तुमी काय तरी दावनार म्हनत व्हता,” गेनबा वेताच्या खुर्चीत बसून म्हणाले. “मंदी म्हनली, टीवी असंल.”

“टीव्हीच समजा. पण यात चालायचं.”

“कुनी?”

“तुम्ही.”

गेनबांनी आपल्या धोतराच्या रिकाम्या सोग्याकडे बघितलं, मग काकांकडे.

काकांनी त्यांचं बोट बाणाच्या बटणावर ठेवलं. रणधीर चपला घालून उंबरा ओलांडून बाहेर आला. आई काही बोलली नाही, कारण आई आम्ही काढली होती.

“घरात कुनी न्हाई व्हय याच्या?” गेनबांनी विचारलं आणि पुढे झुकले. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “सायेब. ही टेकडी... ही कुसगावची न्हवं? आन् ह्यो वड? ही तर आपली वाट हाय! आंबेघरची!”

“तीच.”

“हितं कांचनपूर कशापाय लिवलंय?”

“गेममध्ये जरा भारी नाव लागतं,” काका ओशाळून म्हणाले.

गेनबांनी खिशातून काड्यापेटी काढली. काड्या टेबलावर ओतल्या. मला वाटलं, बिडी ओढणार. ते चालायला लागले. चप-चप आवाज येत होता आणि त्यांचे ओठ हलत होते. बारा पावलं झाली की एक काडी ते टेबलावर उभी मांडायचे. बारा पावलांची एक साखळी. ते सुया रोवत होते.

वडापासून विहिरीपर्यंत दोन काड्या झाल्या आणि विहीर आली.

गेनबा थांबले. मागे फिरले. वडापर्यंत गेले. पुन्हा मोजत आले. दोन काड्या आणि वर एक पाऊल.

“सायेब,” ते हळूच म्हणाले, चारचौघांत कुणाची चूक सांगताना बोलतात तसं. “वड ते हीर एकवीस साकळ्या. मी सवता धरलीया. तिसऱ्या सुईला मला इंचू चावला व्हता. हितं तीनबी भरंनात.”

काकांनी टेबलावरच्या काड्या बोटाने पुन्हा मोजल्या.

“मधलं कुटं गेलं, सायेब?”

बत्तीस वर्षांत अष्टपुत्रे साहेबांची मोजणी चुकली असं कुणी म्हटलं नव्हतं. भांडणारे दोन्ही भाऊ त्यांना शिव्या द्यायचे, पण चुकली म्हणायचे नाहीत. ते डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे होते.

“घाई झाली, गेनबा,” ते म्हणाले. “चुकलं माझं. मी हे सगळं...”

“मी सांगितलं कमी करायला,” मी म्हणालो. “काकांनी बरोबर केलं होतं. एकूणएक पाऊल बरोबर होतं. लांब होतं म्हणून मी कमी करायला लावलं.”

गेनबांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “तुमी कोन?”

“मी... गेम खेळतो.”

“म्हंजी कामावर जायाचं नसतंय?”

“नाही, हेच.”

“मंग तुमाला कसली घाई?”

मंदाताई फसकन हसल्या आणि पदर तोंडाला लावला. काकूंनी तेवढंही केलं नाही, उघडच हसल्या. मी एकशे अकरा गेमांवर लिहिलं होतं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“जुनं आहे का, काका? पुसलं तर नाही?”

“मूळ प्रत कधी कोणी पुसतं का?” काकांना जरा धीर आला. “अगं, पेन ड्राइव्ह कुठाय?”

पेन ड्राइव्ह देवघरात होता. दसऱ्याला काकूंनी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. सुरी, कात्री, काकांची जुनी मोजपट्टी आणि पेन ड्राइव्ह. हळद-कुंकू वाहताना ते त्याच्या तोंडात गेलं होतं. कॉम्प्युटरला लावला तर कॉम्प्युटर ढिम्म. काकूंनी तो फुंकला, केसातला आकडा काढून आतलं कुंकू खरवडलं, पदराला पुसला, पुन्हा फुंकला.

“आता लावा. आणि हात जोडून लावा.”

चौथ्यांदा लागला. आई चुलीपाशी बसली होती. गेनबांनी चपला घातल्या. ‘निघालास का रे?’ पडद्यावर आलेलं काकांनी वाचून दाखवलं. दोन उत्तरंही वाचली.

“ह्यात काय इचारायचं?” गेनबा म्हणाले. “येतो म्हना.”

आणि ते निघाले. आम्ही बसलो होतो. चप-चप. काड्या टेबलावरून संपल्या, मग काकूंनी वाटीभर शेंगदाणे आणून ठेवले. ओढ्याशी आले तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं की चौथा दगड हलतो. गेनबा तिसऱ्यावरून पाचव्यावर गेले, माझ्याकडे न बघता. एका बांधाशी ते थांबले आणि काकांना म्हणाले, “हितं तुमी घसरला व्हता.” काका म्हणाले, “हो, आणि तुम्ही हसला होता.” “न्हाई हसलो.” “हसला होता.” एवढंच. पुन्हा चप-चप.

वडापासून विहिरीपर्यंत एकवीस शेंगदाणे झाले. गेनबा मागे टेकले.

“बरूबर हाय,” ते म्हणाले.

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

त्या दिवशी ते कांचनपुरापर्यंतच गेले. सांडगेवालीने त्यांना विचारलं, ‘कुणाचा तू?’ तर गेनबांनी पडद्याला सगळी हकिकत सांगितली. बापाचं नाव, गाव, पाय कसा गेला ते. बाई पुढचं वाक्य बोलली नाही, कारण काकांनी पुढचं वाक्य लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे ती ऐकतेय असंच वाटलं.

मग दर रविवारी दहाला रिक्षा यायची. मीही जायचो. मला कुणी बोलावत नव्हतं, पण नकोही म्हणत नव्हतं. वाटेत आडव्या आलेल्या चेल्याला गेनबांनीही नोटीसच दिली आणि पंधरा दिवस भरल्यावरच्या रविवारी तो ठरल्याप्रमाणे हजर झाला. गेनबांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. “पंधरा दीस तर लागत्यातच,” म्हणाले. मी त्या महिन्यात ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही. जळगावच्या इंजिनीअरला मात्र एक पत्र लिहिलं. तो घोडा कुणासाठी केला होता, एवढंच विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.

पाचव्या रविवारी गेनबा देवळाशी पोचले. भैरोबाचं देऊळ, डोंगराच्या कडेला. चार कोस तिथे संपतात. खरोखरच्या मोजणीतसुद्धा त्यांच्या हद्दीतली शेवटची सुई तिथेच रोवली जायची, आणि मग दोघं पायरीवर बसून भाकरी खायचे. गेनबांनी पायरीशी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, बटण त्यांनी स्वतःच विचारून घेतलं. आत गेले. घंटा वाजली. रणधीरने मांडी घातली. समोर भैरोबा, मागे दारातून सगळं खोरं दिसत होतं, वडापर्यंत.

काकूंनी त्या दिवशी मुद्दाम भाकरी केली होती. ताटं कॉम्प्युटरसमोरच आली. बांधकोऱ्या राक्षस देवळामागेच बसला होता, पण त्याच्याकडे जायची कुणालाच घाई नव्हती. मलासुद्धा नाही.

जेवण झालं. हात धुऊन गेनबा म्हणाले, “चला सायेब, निगू. लई येळ बसलो.”

रणधीर उठला, दारापर्यंत आला आणि थांबला. गेनबांनी बटण दाबून धरलं. रणधीर जागचा हलेना.

“अनवाणी निघालाय तो,” मी म्हणालो. एवढं मला आता कळत होतं.

पायरीशी चपला नव्हत्या.

काका पुढे झुकले. चष्मा पुसला. पायरी वरून बघितली, खालून बघितली. मग गेम तसाच ठेवून मागचा प्रोग्रॅम उघडला आणि ओळी वाचत सुटले. “असं होणार नाही... असं कसं होईल...”

गेनबा मात्र खुर्चीत हलून हलून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “सायेब, हे बी घातलंय व्हय तुमी ह्यात! भैरोबाच्या दारातनं चपला गेल्या!”

“नाही हो गेनबा. हे मी केलेलं नाही.”

“मंग कुनी केलं?”

काका पुन्हा ओळी वाचायला लागले.

“ऱ्हाऊ द्या, सायेब,” गेनबा डोळे पुसत म्हणाले. “बरं हाय हितं. बसू वाईच.” आणि त्यांनी रणधीरला परत भैरोबासमोर नेऊन बसवलं.

काढलेल्या चपला कुठे ठेवायच्या याची प्रोग्रॅममध्ये एकच जागा लिहिलेली होती, आणि सोमवारी दुपारी काकांना चपला तिथे सापडल्या. त्या पहिल्या घराच्या उंबऱ्यापाशी होत्या, चार कोस मागे, आईच्या समोर.